‘आमच्याकडच्याला लस दिलीये!’ मग चावल्यावर आपण इंजेक्शन का घ्यायचं?

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी घाटकोपरला आत्याकडे गेले होते. तिच्याकडे चिकू आहे. चार वर्षांचा बोका, एरवी पायात पायात करणारा. आरतीला टाळ-झांजा सुरू झाल्या आणि चिकू सोफ्याखाली घुसला. त्याला बाहेर काढायला मी हात घातला आणि व्हायचं तेच झालं. अंगठ्याजवळ दोन दात रुतले, रक्त आलं.

"अगं, घाबरू नकोस," आत्या म्हणाली. "त्याला लस दिलीये. सगळी इंजेक्शनं झालीयेत त्याची."

ती हळद घेऊन आली, ती मी लावू दिली नाही. नळाखाली हात धरून साबण लावत बसले आणि संध्याकाळी जवळच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, "मांजर घरचं का? कार्ड आहे?" आत्यानं चिकूचं व्हॅक्सिनेशन कार्ड आणलं होतं. त्यावर ओळीनं स्टिकर चिकटवलेले, तारखा, सह्या, शिक्के, सगळं कसं व्यवस्थित. डॉक्टरांनी एकेका स्टिकरवर बोट ठेवलं. दरवर्षीची इंजेक्शनं झाली होती, पण ती मांजरांच्या सर्दी-तापाच्या आणि आतड्यांच्या आजारांवरची. रेबीजचा स्टिकर एकच होता, तीन वर्षांपूर्वीचा.

आत्या खोटं बोलत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की सगळी झाली म्हणजे हेही झालं.

त्या दिवसापासून मी हा प्रश्न घेऊन बसले आहे. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी हे भांडण होतं. लिफ्टमध्ये कुणाचा तरी कुत्रा कुणावर तरी धावून जातो, मालक लिहितात, "ही इज फुल्ली व्हॅक्सिनेटेड." समोरचा लिहितो, "मग काय, आम्ही निवांत राहायचं?" त्यानंतर तीस-चाळीस मेसेज पडतात, एक कमिटी मेंबर ग्रुप सोडतो आणि मूळ प्रश्नाचं उत्तर कुणीच देत नाही.

प्रश्न साधा आहे. पाळीव कुत्र्या-मांजराला दिलेली रेबीजची लस नक्की किती काम करते?

लस कच्ची नाही

सुरुवातीलाच सांगते. प्राण्यांची रेबीजची लस ही जगातल्या सगळ्यात भरवशाच्या लशींपैकी एक आहे. यात मारलेला, म्हणजे निष्क्रिय केलेला विषाणू असतो. त्यामुळे लशीमुळे कुत्र्याला रेबीज होत नाही. काही जणांना अजूनही तशी भीती असते, म्हणून हे लिहिलं.

ती किती भरवशाची हे कसं ठरवतात? अमेरिकेत अशा लशीला परवानगी देण्यापूर्वी जी परीक्षा घेतात, ती ऐकून अंगावर काटा येतो. काही जनावरांना लस देतात, काहींना देत नाहीत. मग जितकी वर्षं संरक्षण मिळेल असा कंपनीचा दावा असतो, तितकी वर्षं थांबतात. एक वर्षाचा दावा असेल तर एक, तीनचा असेल तर तीन. त्यानंतर दोन्ही गटांना जिवंत रेबीज विषाणू थेट स्नायूत टोचतात. लस न दिलेल्यांपैकी निदान ८० टक्के जनावरांना रेबीज झाला पाहिजे, नाहीतर टोचलेला विषाणूच कमजोर होता असं धरून परीक्षा रद्द होते. आणि लस दिलेल्या २५ पैकी निदान २२ जनावरं ९० दिवसांनंतरही ठणठणीत असली पाहिजेत. म्हणजे ८८ टक्के.

आता कुणी म्हणेल, मग १२ टक्के धोका आहे की! तसं नाही. ८८ टक्के ही पास होण्याची किमान रेषा आहे. शिवाय ही सगळी जनावरं एकाच डोसवरची असतात, आणि लशीचा दावा जिथे संपतो त्या शेवटच्या टोकाला, भरपूर विषाणू टोचून त्यांची परीक्षा घेतलेली असते. वेळच्या वेळी डोस घेणारा तुमचा कुत्रा त्यांच्यापेक्षा बऱ्याच चांगल्या स्थितीत असतो.

प्रयोगशाळेबाहेर काय होतं, त्याचाही एक हिशेब उपलब्ध आहे. अमेरिकेत १९९७ ते २००१ या काळात २१ राज्यांत रेबीज झालेल्या कुत्र्या-मांजरांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. २६४ कुत्रे आणि ८४० मांजरं. त्यांच्यापैकी आयुष्यात कधी ना कधी रेबीजची लस घेतलेले कुत्रे होते १३ आणि मांजरं २२. आणि ज्यांची लस त्या वेळी चालू होती, म्हणजे मुदत संपलेली नव्हती, असे कुत्रे फक्त २ आणि मांजरं ३.

११०४ पैकी ५.

हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. मुदतीत लस घेतलेल्या जनावराला रेबीज होणं ही अगदी दुर्मिळ गोष्ट आहे. पण तो शून्य नाही. आणि ज्या आजारात लक्षणं दिसल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, तिथे शून्य आणि ५ यांतला फरक डॉक्टरांना सोडून देता येत नाही. सगळं भांडण तिथेच आहे.

मग गडबड होते कुठे?

बाटलीतल्या औषधात सहसा नाही. गडबड होते बाटली आणि कुत्रा यांच्या मधल्या प्रवासात.

पहिलं कारण वय. आईकडून आलेली प्रतिपिंडं पिल्लाच्या अंगात काही आठवडे असतात आणि ती लशीलाच निष्प्रभ करू शकतात. म्हणून रेबीजची लस साधारण तीन महिने पूर्ण झाल्यावर देतात. दीड महिन्याच्या पिल्लाला ब्रीडरनं "सगळं करून दिलंय" म्हणून विकलं असेल, तर रेबीजपुरतं ते काहीच केलेलं नाही असं समजा.

दुसरं कारण, एकच डोस. पहिल्या डोसनंतर प्रतिपिंडं चांगली वर जातात, पण काही जनावरांत ती काही महिन्यांतच खाली येतात. परदेशात कुत्रा न्यायचा असेल तर रक्त तपासून प्रतिपिंडांचं प्रमाण मिलिलिटरला निदान ०.५ आंतरराष्ट्रीय युनिट आहे का ते बघतात. स्वीडन आणि ब्रिटनमध्ये अशा हजारो कुत्र्यांचे रिपोर्ट अभ्यासले गेले. बहुतेक पास झाले, पण नापास होणाऱ्यांत वर्षाच्या आतले आणि मोठ्या जातीचे कुत्रे जास्त होते. दोन डोस झालेले बऱ्यापैकी सहज पास झाले. म्हणूनच जिथे रेबीज सर्रास आहे तिथे पहिल्या डोसनंतर दोन ते चार आठवड्यांनी दुसरा डोस द्यावा, असं प्राण्यांच्या डॉक्टरांच्या जागतिक संघटनेचं मार्गदर्शन आहे. आपल्याकडचे बरेच व्हेट तसं करतात. पण पिल्लू घरी आल्यावर पहिले दोन महिने जो उत्साह असतो, तो दुसऱ्या डोसपर्यंत टिकत नाही, हेही खरं.

तिसरं कारण फ्रीज. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. गोठली तरी बिघडते, तापली तरी बिघडते. आणि बिघडलेली लस दिसायला अगदी चांगल्या लशीसारखीच असते. मे महिन्यात दुपारी केमिस्टकडून लस घेऊन, खिशात टाकून, रिक्षानं मुलुंड पश्चिमेहून पूर्वेला यायचं आणि मग "घरी येऊन टोचणाऱ्या" कुणाची तरी वाट बघायची. त्या बाटलीत काय उरलं असेल याची खात्री कोण देणार? थोडे पैसे वाचतात हे कबूल. पण ही बचत चुकीच्या जागी होते असं मला वाटतं.

चौथं, आजारी जनावर. अंगात ताप आहे, जंत झालेत, खाणं सुटलंय, अशा वेळी शरीर लशीला नीट प्रतिसाद देत नाही. म्हणून चांगला व्हेट आधी तपासतो, मगच टोचतो.

आणि पाचवं, जे चिकूच्या बाबतीत झालं. कुत्र्यांना ‘सेव्हन-इन-वन’, ‘नाइन-इन-वन’ अशी एकत्र इंजेक्शनं देतात. मांजरांना ‘ट्रायकॅट’सारखी तीन आजारांवरची देतात. नावात इतके आकडे असतात की ऐकणाऱ्याला वाटतं, यात सगळंच आलं. पण डिस्टेंपर, पार्व्हो, मांजरांचा फ्लू यांवरच्या लशीत रेबीज असतोच असं नाही. बहुतेकदा तो वेगळ्या बाटलीत येतो आणि त्याचा वेगळा स्टिकर असतो. काही एकत्र लशींत रेबीज असतो, तेव्हा नावापुढे ‘आर’ हे अक्षर दिसतं. हा लेख वाचून एकच काम करणार असाल तर कार्ड उघडा आणि ‘रेबीज’ हा शब्द शोधा. तो सापडला नाही तर बाकीच्या स्टिकरांचा या प्रश्नाशी संबंध नाही.

मांजराचं कुणी विचारतच नाही

वरच्या अमेरिकन आकड्यांत एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? रेबीज झालेली मांजरं कुत्र्यांच्या तिप्पट होती.

याचं कारण असं नाही की मांजराला रेबीज जास्त होतो. तिथे कुत्र्यांचं लसीकरण पिढ्यानपिढ्या सक्तीनं झालं, मांजरांकडे तितकं लक्ष गेलं नाही. कुत्रे सुटले, मांजरं उरली. एवढंच.

आपल्याकडे तर मांजराला लस द्यायची असते हेच अनेकांच्या गावी नसतं. ‘पिसाळलेला कुत्रा’ हा शब्द आपल्या भाषेत आहे, ‘पिसाळलेलं मांजर’ कुणी म्हणत नाही. मुंबईत कुत्रा पाळायचा तर महापालिकेचा परवाना लागतो, १८८८ च्या महापालिका कायद्यात तशी तरतूद आहे आणि परवान्यासाठी रेबीज लशीचं सर्टिफिकेट मागतात. किती जण हा परवाना काढतात हा वेगळा विषय. पण निदान कुत्र्याच्या मालकाला कुठेतरी कुणीतरी विचारतं. मांजराच्या मालकाला विचारणारं कुणी नाही.

"आमचं मांजर घराबाहेर जातच नाही" हे वाक्य मी आत्याकडून शंभर वेळा ऐकलंय. आत्या तळमजल्यावर राहते. चिकू किचनच्या ग्रिलमधून बाहेर जातो, कंपाउंड वॉलवर बसतो, बाजूच्या गल्लीतल्या बोक्याशी भांडून कान फाडून घेऊन येतो. आत्याच्या लेखी हे सगळं घरातच धरलं जातं. वरच्या मजल्यावरचं मांजरही सटकतं, जिन्यात दडून बसतं, व्हेटकडे नेताना पिशवीतून उडी मारतं. मांजरालाही रेबीजची लस तीन महिन्यांनंतर आणि पुढे कुत्र्यासारखीच वेळापत्रकानं द्यायची असते.

दरवर्षी द्यायची की तीन वर्षांनी?

या प्रश्नावर रील करणाऱ्यांचे दोन तट आहेत. एक म्हणतो, दरवर्षीचं इंजेक्शन म्हणजे व्हेटचा धंदा. दुसरा म्हणतो, एक दिवस उशीर झाला तरी सगळं वाया.

दोघंही अर्धंच बोलतात. अनेक देशांत त्याच लशींना तीन वर्षांची मान्यता आहे, हे खरं. पण ती मान्यता पहिला डोस, वर्षभरानंतरचा बूस्टर आणि मग तीन वर्षं, अशा शिस्तीवर उभी आहे. भारतात रेबीजची लस दरवर्षी देण्याची पद्धत आहे. आपल्या गल्लीत रेबीजचा विषाणू खरोखर फिरतोय, तिथल्यासारखा जवळपास संपलेला नाही. मध्येच एखादा डोस वाया गेला, फ्रीज बंद पडला, तर पुढच्या वर्षी तो भरून निघतो. मला तरी दरवर्षीचा नियम पटतो. कुत्र्याच्या महिन्याच्या खाण्याचा खर्च बघितला तर ही रक्कम फार नाही.

उशीर झाला असेल तर मात्र घाबरून जाऊ नका आणि लाजून व्हेटकडे जाणं टाळू तर मुळीच नका. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्य विद्यापीठात २०१५ मध्ये ७४ कुत्रे आणि ३३ मांजरांवर एक अभ्यास झाला. त्यातल्या काहींची लस मुदतीत होती, काहींची मुदत उलटून गेली होती. सगळ्यांना एक बूस्टर दिला. मुदत उलटलेल्यांचा प्रतिसाद मुदतीतल्यांपेक्षा कमी पडला नाही. एकदा शिकलेलं शरीर विसरत नाही, फक्त त्याला आठवण करून द्यावी लागते. म्हणजे दोन-चार महिने उशीर झाला तर एक डोस देऊन गाडी रुळावर येते.

हीच गोष्ट तुमच्या कुत्र्याला भटका कुत्रा चावला तर कामाला येते. लस झालेली असली तरी जखम धुवायची, व्हेटकडे न्यायचं, लगेच बूस्टर द्यायचा आणि काही आठवडे नजर ठेवायची. अमेरिकेतला नियम ४५ दिवसांचा आहे. लस कधीच न दिलेल्या कुत्र्यासाठी तिथे चार महिने वेगळं कोंडून ठेवतात किंवा थेट मारून टाकतात. लस दिली आणि न दिली यांतला फरक यापेक्षा स्पष्ट कुठे दिसत नाही.

आता मूळ भांडण: चावला तर?

भारत सरकारच्या राष्ट्रीय रेबीज नियंत्रण कार्यक्रमाच्या सूचना या बाबतीत स्पष्ट आहेत. लस दिलेलं जनावर चावलं तरी माणसाचे उपचार सुरू करायचे. कारण त्या जनावराची लस कुठल्याही कारणानं फसलेली असू शकते. ती कारणं आपण वर पाहिलीच. डॉक्टरांसमोर असतं ते कार्ड. कुत्र्याच्या रक्तात खरंच किती प्रतिपिंडं आहेत हे कार्डावरून कळत नाही. आणि कार्ड वाचायला आपल्या आत्यासारखी माणसं असतात.

इथे आणखी एक चूक सगळीकडे होते. "दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवा, ठीक असला तर इंजेक्शनची गरज नाही," असा सल्ला ग्रुपवर कुणीतरी देतोच. दहा दिवसांचा नियम खरा आहे. रेबीज झालेल्या कुत्र्याच्या किंवा मांजराच्या लाळेत विषाणू आला की साधारण दहा दिवसांच्या आत ते जनावर आजारी दिसू लागतं आणि मरतं. म्हणून चावल्यानंतर दहा दिवस ते धडधाकट राहिलं, तर चावलं त्या वेळी लाळेत विषाणू नव्हता असं म्हणता येतं. पण दहा दिवस वाट बघून मग इंजेक्शन, असा त्याचा अर्थ नाही. इंजेक्शन आजच सुरू करायचं आणि जनावरावर लक्षही आजपासूनच ठेवायचं. दहा दिवसांनी ते ठीक असलं तर डॉक्टर पुढचे डोस कमी करू शकतात. दंडात घ्यायच्या पाच डोसच्या वेळापत्रकात चौदाव्या दिवसाचा डोस गाळून अठ्ठाविसाव्या दिवसाचा देतात, आणि तुम्हाला पुढच्या वेळेसाठीची तयारीही मिळून जाते. कातडीत द्यायची लस असेल तर तिचे ०, ३, ७ आणि २८ या दिवसांचे डोस पूर्णच करायचे असतात. हा नियम फक्त कुत्र्या-मांजरांना लागू आहे. माकड चावलं तर दहा दिवसांचं गणित लावू नका. बोरिवलीत राहणाऱ्यांसाठी हे खास सांगतेय.

आणि सगळ्यात आधी, काहीही करायच्या आधी, साबण आणि वाहतं पाणी. पंधरा मिनिटं. हळद, तंबाखू, मिरची, चुना यांतलं काही नाही.

रक्त आलं असेल तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, ते जखमेतच टोचतात. लस आपल्या शरीराला प्रतिपिंडं तयार करायला शिकवते, त्याला काही दिवस लागतात. तेवढ्या दिवसांसाठी ही तयार प्रतिपिंडं थेट जखमेत घालतात. अंगठ्यावर मांस किती असतं? मला लशीपेक्षा तेच जास्त दुखलं, हे प्रामाणिकपणे सांगते. पण आजी-आजोबा सांगतात ती पोटातली चौदा इंजेक्शनं आता नाहीत. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेल्या त्या जुन्या लशीचं उत्पादन भारतात २००४ मध्ये बंद झालं. तरी ती भीती अजून घराघरांत आहे आणि लोक तिच्यापायी दवाखाना टाळतात. महापालिकेच्या रुग्णालयांत लस मोफत मिळते. घाटकोपरला राजावाडी, अंधेरीकरांना कूपर, कांदिवली-बोरिवलीकरांना शताब्दी.

घरातला कुत्रा आणि गल्लीतला कुत्रा

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांबद्दल आदेश दिला, ११ दिवसांत बदलला, आणि देशभर दोन फळ्या पडल्या. २२ ऑगस्टच्या सुधारित आदेशानुसार निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्रे पुन्हा त्यांच्या जागी सोडायचे, रेबीज झालेले किंवा रेबीजची शंका असलेले आणि आक्रमक कुत्रे मात्र सोडायचे नाहीत. त्या गदारोळात पाळीव जनावरांचं नाव कुणी फारसं घेतलं नाही. पण आपल्या उपनगरांत दोन्ही गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. लॅब्रेडॉर संध्याकाळी ज्या फुटपाथवर फिरतो, त्याच फुटपाथवर गल्लीतले चार कुत्रे राहतात.

आयसीएमआरच्या संशोधकांनी २०२२-२३ मध्ये देशभर पाहणी केली. तिच्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात आणि सुमारे ५,७०० लोक रेबीजनं मरतात. चाव्यांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त कुत्र्यांचे. जुन्या अंदाजांपेक्षा मृत्यूंचा आकडा बराच खाली आलाय, तरीही दिवसाला पंधरा माणसं, आणि तीही टाळता येण्यासारख्या आजारानं.

आपल्या उपनगरांना आणखी एक शेजार आहे. एका बाजूला बोरिवली, दुसऱ्या बाजूला मुलुंड, मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. तिथल्या बिबट्यांवर २०१८ मध्ये एक शोधनिबंध आला होता. त्यात अंदाज असा की उद्यानातले सुमारे ३५ बिबटे वर्षाला १,५०० च्या आसपास भटके कुत्रे खातात आणि त्यामुळे माणसांना होणारे हजारेक चावे टळतात. हे वाचून "मग बिबटेच सोडा" अशी कमेंट करू नका, ती आधीच हजार लोकांनी केलीय. मुद्दा असा की कचरा, कुत्रे, बिबटे आणि आपण, सगळे एकाच साखळीत आहोत, आणि कुत्र्यांची संख्या कचऱ्यावर ठरते.

या साखळीत रेबीज थांबवायचा तर एखाद्या भागातल्या साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस लागते. तेवढ्यांना मिळाली की विषाणूला एका कुत्र्यातून दुसऱ्यात जायला वाट उरत नाही. हे पुस्तकी गणित नाही. जपाननं १९५० मध्ये कायदा करून कुत्र्यांची लस सक्तीची केली आणि १९५७ नंतर तिथे रेबीज उरला नाही. त्याहून जवळचं उदाहरण गोव्याचं. २०१४ पासून तिथे ‘मिशन रेबीज’ आणि राज्य सरकारनं मिळून गावोगावी, वाड्यावाड्यांत हातजाळी घेऊन कुत्र्यांना लस दिली, वर्षाला लाखाच्या घरात. काही वर्षांतच कुत्र्यांमधल्या रेबीजच्या केसेस ९२ टक्क्यांनी घटल्या, आणि २०१८ आणि २०१९ मध्ये गोव्यात एकही माणूस रेबीजनं गेला नाही. मारलं कुणालाच नाही, कोंडलंही नाही.

मुंबईत २०१४ च्या गणनेत सुमारे ९५ हजार भटके कुत्रे होते, अलीकडच्या पाहणीत सुमारे ९० हजार. याचे ७० टक्के म्हणजे ६३ हजार. दरवर्षी. महापालिका आणि संस्था मोहिमा घेतात, पण कुत्रे मरतात, नवी पिल्लं जन्मतात, त्यामुळे मागच्या वर्षीचं काम यंदा अर्धं पुसलेलं असतं. २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवायचं देशाचं उद्दिष्ट आहे. त्या हिशेबात तुमच्या घरातल्या कुत्र्याचा डोस फार छोटा आहे, पण तो पकडायला जाळी लागत नाही. तो तुमच्या पलंगावरच झोपलेला असतो.

आणि ज्या सोसायट्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांशी वर्षानुवर्षं भांडतात, त्यांना एक सुचवते. कुठला कुत्रा लगेच हाताशी येतो, कुठला लंगडतोय, कुठला चार दिवस दिसला नाही, हे तुमच्या विभागात फक्त त्याच बाईंना माहीत असतं. लसीकरणाची गाडी येईल त्या दिवशी त्यांना गेटवर उभं करा. भांडण दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करता येईल.

चिकूचं पुढे काय झालं?

माझे चार डोस झाले. तिसऱ्या डोसला आत्या स्वतः सोबत आली, अपराधी चेहऱ्यानं, डब्यात उकडीचे मोदक घेऊन.

दहा दिवस ती मला रोज सकाळी चिकूचा फोटो पाठवत होती. खाताना, झोपलेला, खिडकीत बसलेला. दहाव्या दिवशी तो ग्रिलवर उभा राहून बाहेरच्या बोक्यावर फिस्कारत होता. अकराव्या दिवशी आत्या त्याला व्हेटकडे घेऊन गेली. रेबीजचा नवा स्टिकर लागला, आणि तिनं त्याच्याभोवती लाल पेननं गोल केला. खाली पुढच्या वर्षीची तारीख लिहिली आणि कार्ड फ्रीजवर चुंबकानं लावलं, गॅसच्या बुकिंग नंबरच्या शेजारी.

आता ती बिल्डिंगमधल्या सगळ्यांना कार्ड दाखवायला सांगते. दुसऱ्या मजल्यावरच्या पगच्या कार्डावरही ‘रेबीज’ हा शब्द सापडलेला नाही.